फोटोचे वजन

वजन म्हणजे काय, हे आम्हा मुळशीकरांना कुणी शिकवावे लागत नाही. पावसाळ्यापूर्वी रानातून आणलेली लाकडाची मोळी, खाचरातून खळ्यावर नेलेले भाताचे भारे, गिरणीत न्यायचे दळण, हे सारे डोक्यावर घेतले की मानेला कळते. परंतु मोबाईलच्या पडद्यावर दिसणाऱ्या फोटोलाही वजन असते आणि तेही कुणाच्या तरी डोक्यावर पडतेच, हे मला कॉलेजात आल्यावर समजले. त्याविषयी चार शब्द लिहावेत म्हणून ही लेखणी उचलली आहे. विषय यंत्राचा वाटेल. कला शाखेच्या विद्यार्थिनीला यात पडण्याचे काय कारण, असेही कुणी म्हणेल. त्यांनी शेवटपर्यंत वाचून मग काय ते ठरवावे, एवढीच विनंती.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. बारावीनंतर एका शिष्यवृत्तीचा अर्ज ऑनलाइन भरायचा होता. नाव, गाव, उत्पन्नाचा दाखला, सगळे जमले. शेवटी फोटो चढवायची वेळ आली. चुलतभावाने घराच्या पांढऱ्या भिंतीपुढे उभे करून फोटो काढला होता. चांगला आला होता. पण तो चढवला की लाल अक्षरांत उत्तर यायचे, फाइल मर्यादेपेक्षा मोठी आहे. आण्णांनी मोबाईल हातात घेऊन पाहिला आणि म्हणाले, "अगं, फोटो तर एवढासा दिसतोय. मोठा कुठंय?" या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. दुसऱ्या दिवशी कामावर खाडा करून ते मला एसटीने पौडला घेऊन आले. दुकानातल्या मुलाने संगणकावर चार वेळा बटण दाबले आणि फोटो 'बसला'. त्याने पन्नास रुपये घेतले. त्याची चूक नव्हती. त्याला येत होते आणि आम्हाला येत नव्हते. खाड्याची मजुरी आणि एसटीचे भाडे धरले, तर तो फोटो आम्हाला बराच महाग पडला.

ही गोष्ट माझ्या एकटीची नाही. बँकांच्या भरतीसाठी आयबीपीएस ही संस्था परीक्षा घेते. तिच्या सूचनापत्रकात फोटोचे माप २०० गुणिले २३० पिक्सेल व वजन २० ते ५० केबी, आणि सहीचे माप १४० गुणिले ६० पिक्सेल व वजन १० ते २० केबी असे दिलेले असते. आजच्या साध्या मोबाईलने काढलेला फोटो ४ एमबी, म्हणजे ४,००० केबीच्या घरात जातो. मर्यादेच्या ऐंशीपट! ज्याच्या घरात संगणक आहे, त्याचा भाऊ किंवा मामा हे दोन मिनिटांत करून देतो. ज्याच्या घरात नाही, तो एसटीची वाट पाहतो.

हे झाले अर्जाचे. आता नाण्याची दुसरी बाजू पाहू. गेल्या वर्षी राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिरात आम्ही धरणाच्या काठच्या एका गावी राहिलो. बंधारा घातला, देवळाचा परिसर झाडला, म्हाताऱ्या माणसांशी बोललो आणि अर्थातच खूप फोटो काढले. त्यांतले निवडक ३६ फोटो आपल्या महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर लागले. मला मोठा अभिमान वाटला. सुट्टीत ताम्हिणीच्या बाजूला आजोळी गेले, तेव्हा आजीला ते दाखवावे म्हणून देवळाच्या पायरीवर जाऊन बसले. कारण तिथेच काय ती रेंज येते. पहिल्या फोटोचा वरचा पट्टा उमटला. आभाळ दिसले, डोंगर दिसला, माणसे काही येईनात. आजी बराच वेळ थांबली आणि मग म्हणाली, "राहू दे गं, गुरं यायची वेळ झाली." ज्या माणसांचे ते फोटो होते, त्यांच्यासारख्याच माणसांना ते दिसत नव्हते.

पुढे मी त्याचा हिशेब केला. एकेक फोटो सरासरी ५ एमबीचा, असे ३६, म्हणजे पान १८० एमबीचे. जिथे सेकंदाला जेमतेम एक मेगाबिट येते, तिथे एक एमबी उतरायला ८ सेकंद लागतात. म्हणजे १८० एमबीला १,४४० सेकंद, पुरती २४ मिनिटे! आणि एवढे करून तो फोटो मोबाईलच्या चार बोटे रुंद पडद्यावरच दिसणार. पडदा लहान असला म्हणून फाइल लहान होऊन येत नाही. ती आपल्या पूर्ण वजनानिशी येते आणि पडद्यावर आल्यावर आकसून बसते. दळण किलोभर हवे असताना अख्खे पोते गिरणीत नेण्यातलाच हा प्रकार.

मग ते वजन कमी कसे होते? आपल्या ओळखीच्या शेताचेच उदाहरण घेऊ. एक एकर म्हणजे ४० गुंठे. त्या रानाची लांबीही निम्मी केली आणि रुंदीही निम्मी केली, तर उरते किती? वीस नव्हे, दहा गुंठे. फोटोचेही तसेच आहे. ४,००० गुणिले ३,००० पिक्सेलच्या फोटोत १ कोटी २० लाख ठिपके असतात. तोच १,२०० गुणिले ९०० केला, तर ठिपके उरतात १० लाख ८० हजार, म्हणजे अकराव्या हिश्श्याहूनही थोडे कमी. वाचणाऱ्याच्या पडद्याला एवढे पुष्कळ झाले. ही झाली मापाची गोष्ट.

दुसरी गोष्ट दाबण्याची, म्हणजे कॉम्प्रेशनची. जेपेग नावाची जी फाइल आपण रोज वापरतो, तिचे मानक १९९२ साली ठरले. त्यात चित्राचे ८ गुणिले ८ ठिपक्यांचे लहान लहान चौकोन पाडतात. प्रत्येक चौकोनात मोठे, सावकाश होणारे बदल कोणते आणि बारीक, भराभर होणारे बदल कोणते, हे गणिताने वेगळे काढतात. डोळ्याला जे फारसे जाणवत नाही, ते बारीक बदल ढोबळ करून टाकतात. आपल्या डोळ्याला उजेड-अंधारातला फरक जितका कळतो, तितका रंगातला कळत नाही. म्हणून रंगाची नोंद आणखी ढोबळ ठेवली तरी चालते. भात पाखडताना फोल उडून जाते आणि दाणा सुपात राहतो, तसे हे पाखडणे आहे. मात्र वारा फार झाला तर दाणाही उडतो, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

या पाखडण्याचे गणित शोधणारा माणूस आपल्या देशात जन्मलेला आहे, हे वाचून मला आनंद झाला. नासिर अहमद हे १९४० साली बंगळूरला जन्मले, तिथेच इंजिनिअर झाले आणि पुढे अमेरिकेत प्राध्यापक झाले. १९७२ साली त्यांनी या कल्पनेवर काम करण्यासाठी तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे अनुदान मागितले. ते मिळाले नाही. तरीही त्यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह काम पुरे केले आणि १९७४ साली आपला निबंध प्रसिद्ध केला. आज जगातला जवळजवळ प्रत्येक मोबाईल त्या गणितावर फोटो साठवतो. अर्ज नामंजूर झालेल्या माणसाच्या गणितानेच आमच्यासारख्यांचे अर्ज मंजूर होतात, हा योग मला मोठा गमतीचा वाटतो.

आता साधनाविषयी. फोटो एक असेल तर एकेक बटण दाबून काम भागते. तीनशे असतील तर? आपल्या संगणक कक्षातल्या दादांनी मला इरफानव्ह्यू नावाचा प्रोग्राम दाखवला. इरफान श्किल्यान या बोस्नियात जन्मलेल्या तरुणाने व्हिएन्नात विद्यार्थी असताना तो लिहिला आणि १९९६ साली लोकांना दिला. घरगुती वापराला व शाळा-कॉलेजांना तो मोफत आहे. त्यात 'बॅच' म्हणून सोय आहे. सगळे फोटो एका यादीत घ्यायचे, मोठी बाजू किती पिक्सेलची हवी ते सांगायचे, लांबी-रुंदीचे प्रमाण कायम ठेव अशी खूण करायची, मुळात लहान असलेला फोटो उगाच ताणू नको अशीही खूण करायची, जेपेगची प्रत ७५ ते ८० च्या दरम्यान ठेवायची, नवे फोटो कुठल्या फोल्डरमध्ये पडावेत ते नेमायचे आणि एकदाच बटण दाबायचे. आपले ३६ फोटो मी असे केले, तेव्हा एकेक सरासरी २०० केबीचा झाला. पान १८० एमबीवरून ७ एमबीच्या आसपास आले आणि चोवीस मिनिटांचे काम एका मिनिटात आटोपले. ज्यांना आज्ञा लिहून काम करायला आवडते, त्यांच्यासाठी इमेजमॅजिक हा दुसरा मोफत प्रोग्राम आहे. एका ओळीत तो सारा फोल्डर हातावेगळा करतो.

कुणी म्हणेल, संगणकावर प्रोग्राम कशाला हवा? फोटो टाकला की लहान करून परत देणारी किती तरी संकेतस्थळे आहेत. आहेत खरी. पण आपण तिथे टाकतो काय? आपला चेहरा, आपली सही, आधार कार्ड, जातीचा दाखला, गुणपत्रिका. ती फाइल कुठल्या देशातल्या कुणाच्या संगणकावर गेली आणि तिथून पुसली गेली की नाही, हे आपल्याला कधीच कळत नाही. कोऱ्या कागदावर सही करू नये, हे आमच्या आजोबांना अक्षरओळख नसतानाही ठाऊक होते. आपण शिकलेल्यांनी ते विसरावे का? आपल्या टेबलावरच्या संगणकात केलेले काम आपल्या खोलीतच राहते, हा त्याचा मोठा गुण आहे.

येथवर मी शहाणपणा सांगितला. आता माझा मूर्खपणाही सांगितला पाहिजे, नाहीतर हा लेख खोटा ठरेल. शिबिरात एका घरी आम्हाला एक मोडी कागद दाखवण्यात आला होता. त्या घराचे मूळ गाव धरणाच्या पाण्याखाली आहे. मुळशीच्या शेतकऱ्यांनी त्या धरणाविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू केला आणि सेनापती बापटांनी त्याचे नेतृत्व केले, हे आपण सारे जाणतो. धरण झाले ते झालेच. त्याचे पाणी आजही घाटाखाली भिऱ्याच्या वीजघरात पडते आणि ती वीज मुंबईला जाते. त्या बुडालेल्या गावातून जे थोडे डबोले वर आले, त्यात हा कागद होता. त्यात काय आहे हे घरात कुणालाच वाचता येत नव्हते. आम्ही त्याचा फोटो काढला आणि सांगितले, "आमच्या सरांकडून वाचून आणतो."

पुढे काय झाले? संकेतस्थळासाठी फोटो लहान करण्याच्या उत्साहात मी सगळा फोल्डर यादीत घेतला. नवे फोटो ठेवायला वेगळी जागा नेमली नाही. त्याच फोल्डरमध्ये, त्याच नावाने, जुन्यावर नवे लिही, अशी खूण मीच केली आणि माप दिले ८०० पिक्सेल. यंत्राने सांगितले तसे केले. मिनिटभरात तीनशे फोटो हलके झाले आणि मूळचे तीनशे कायमचे गेले. कॅमेऱ्याचे कार्ड तोवर दुसऱ्या कार्यक्रमासाठी रिकामे केलेले होते. इतिहासाच्या सरांपुढे मोडी कागदाचा फोटो उघडला, तेव्हा अक्षरे मुंग्यांच्या रांगेसारखी एकमेकांत शिरली होती. सर म्हणाले, "कागद मोठा असेल, फोटो बारीक आहे. मूळ प्रत आण." माझ्याकडे मूळ प्रत नव्हती. पुन्हा त्या गावी गेलो, तर कागदांचे डबोले त्यांचा थोरला मुलगा जपून ठेवण्यासाठी मुंबईला घेऊन गेला होता. गणपतीत तो गावी येतो, तेव्हा बघू, असे घरच्यांनी सांगितले. ते रागावले नाहीत. रागावले असते तर मला बरे वाटले असते.

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट घडली होती. फोटोच्या फाइलमध्ये फोटो कुठे काढला, केव्हा काढला, मोबाईल उभा होता की आडवा, अशा नोंदी असतात. कुणाच्या घराचा ठावठिकाणा जगाला कळू नये म्हणून मी त्या नोंदी पुसून टाकायला सांगितले. हेतू चांगला होता. पण आधी फोटो सरळ फिरवून घ्यायला हवे होते, ते मी केले नाही. उभे-आडवेपणाची नोंदही पुसली गेली आणि बरीचशी म्हातारी माणसे पानावर आडवी झाली. ती पुढे सरळ करता आली. मोडी अक्षरे काही सरळ करता आली नाहीत.

या साऱ्यातून माझे मत असे बनले आहे. फोटो लहान करणे ही नुसती यंत्राची करामत नाही, ते सौजन्य आहे. ज्याची रेंज कमी, ज्याचा मोबाईल जुना, ज्याचे डेटाचे पैसे मोजकेच, त्याच्या डोक्यावरचा भारा आपण आपल्या बाजूने कमी करून द्यायचा. पण हे सौजन्य बघणाऱ्याशी झाले. ज्याचा फोटो आहे, त्याच्याशीही आपले देणे असते, आणि ते देणे मूळ प्रत राखण्याचे आहे. लहान फोटोतून मोठा पुन्हा होत नाही. झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेले की अक्षर पुसत जाते, तसा जेपेग पुन्हा पुन्हा दाबून साठवला की तो विटत जातो. म्हणून दाबायची ती नक्कल, मूळ प्रत नव्हे.

कुणी म्हणेल, आता फाइव्ह-जी आले, ही काटकसर कशाला? माझे उत्तर असे, की एकदा ताम्हिणीच्या बाजूला पावसाळ्यात येऊन पाहावे. रस्ता रुंद झाला म्हणून डोक्यावरचे ओझे वाढवावे, हाही कुठला न्याय? आणखी कुणी म्हणेल, लहान केल्याने फोटोची शोभा जाते. पडद्यापुरती जात नाही, हे मी स्वतः दोन्ही शेजारी शेजारी ठेवून पाहिले आहे. छापायला मात्र लहान फोटो चालत नाही. चांगल्या छपाईला इंचाला ३०० ठिपके लागतात. म्हणजे १,२०० पिक्सेलचा फोटो चार इंचांपुढे गेला की फुटू लागतो. आपल्या याच वार्षिकाच्या संपादक मंडळाला विचारा. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले फोटो पाठवतानाच आकसलेले असतात. ते मोठे छापले की चेहरे धुरकट होतात. तेच 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवले तर मूळ वजनाने येतात. एकच फोटो, पण पडद्याची गरज वेगळी आणि कागदाची वेगळी.

आणि एक तक्रार, जी मला अर्ज मागवणाऱ्या सगळ्यांकडेच करायची आहे. तीनशे फोटो एका मिनिटात लहान करणारे साधन माझ्यासारख्या एस. वाय. च्या मुलीला मोफत मिळते. मग ज्यांच्याकडे मोठमोठे संगणक आहेत, त्यांनी आमचा ४ एमबीचा फोटो घेऊन आपल्याकडेच ५० केबीचा का करू नये? जे काम त्यांच्या यंत्राला क्षणाचे, ते आमच्या आण्णांना एका खाड्याचे पडते. काम नेहमी ज्याला सोपे जाते त्याने करावे, निदान सुशिक्षितांच्या कारभारात तरी.

तोवर आपल्याला जे करता येईल ते आपण करू. माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, महाविद्यालयाच्या प्रत्येक कार्यक्रमाच्या फोटोंचे दोन फोल्डर असावेत. एकावर 'मूळ' असे लिहावे आणि त्याला कुणी हात लावू नये. त्याची एक प्रत ग्रंथालयात, वेगळ्या हार्ड डिस्कवर राहावी. दुसऱ्यावर 'पानासाठी' असे लिहावे आणि संकेतस्थळावर फक्त त्यातलेच जावे. दुसरी, जुन्या कागदांचे, शिलालेखांचे, वीरगळांचे फोटो कधीही यादीत सरसकट घेऊ नयेत. अक्षर वाचता येते का, हे डोळ्यांनी पाहूनच त्यांचे माप ठरवावे. तिसरी, प्रवेशाच्या आठवड्यात संगणक कक्षात आम्ही चार-सहा विद्यार्थ्यांनी बसावे आणि नव्या मुलामुलींचे फोटो, सह्या फुकट लहान करून द्याव्यात. नुसते करून देऊ नयेत, शिकवावेत. म्हणजे पुढच्या वर्षी ती मुले आपल्या धाकट्या भावंडांना शिकवतील.

तिसऱ्या सूचनेसाठी माझे नाव पहिले लिहावे. गणपतीच्या सुट्टीत मात्र मी दोन दिवस नसेन. त्या गावी जायचे आहे. या वेळी मोडी कागदाचा फोटो सर्वांत मोठ्या मापाने काढणार आहे, आणि तो सरांपुढे ठेवीपर्यंत कुठल्याच यादीत घेणार नाही.

— एक विद्यार्थिनी, एस. वाय. बी. ए.